ताई, आता क्षमा पुरे

इंचॉन,
१८ ऑक्टोबर १९९३

ती. ओकदानताईस,
धाकट्या बुनीचा सा. सलाम, वि. वि.

तुझा फोन येऊन आठ दिवस झाले. उत्तर फोनवरच द्यायचं होतं, पण फोनवर तुझ्याशी भांडता येत नाही. हरायला लागलीस की तू प्रार्थना सुरू करतेस, आणि कुणी प्रार्थना करत असताना मध्ये तोंड घालायची आपल्याला लहानपणापासून चोरी. मागच्या खेपेला तू तिसऱ्या मिनिटाला आमेन म्हणून रिसीव्हर ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. वाचायचं तर तुला डोळे उघडे ठेवावे लागतील.

आधी खुशाली. थोरल्याची बदली उल्सानला झाली. पुढच्या महिनाअखेरीस, म्हणजे नोव्हेंबरच्या तीस तारखेला, सामान हलणार. सून म्हणते, आई, तुम्हीही चला; पण हे म्हणताना ती माझ्याकडे बघत नाही, भांडी पुसत असते. पुसून कोरडी झालेली भांडी पुन्हा पुसते. तिचीही चूक नाही. ह्यांना जाऊन दोन वर्षं होतील, तेव्हापासून मी थोरल्याच्या बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी झोपते. तू म्हणालीस, माझ्याकडे ये, मागची खोली तुझी, दोघी मिळून एका भांड्यात भात लावू. ते ऐकून मला रडू आलं. खोटं कशाला बोलू, मला यायचंय. फार यायचंय.

पण एक अट आहे. तू मला क्षमा करणं थांबव.

तीस वर्षं तू चर्चमध्ये उभी राहून तीच साक्ष देतेस. सहा वर्षांच्या बहिणीनं तुझ्या पाठीवर उकळतं पाणी ओतलं, पाठीवर वधस्तंभाच्या आकाराचा डाग राहिला, आणि प्रभूनं तुला त्या बहिणीला क्षमा करायचं बळ दिलं. सुगीच्या उपकारस्तुतीला एकदा, ईस्टरला एकदा, शेजारच्या गावानं बोलावलं की तिथं एकदा, आणि बुधवारच्या बायकांच्या सभेत तर येता-जाता. प्रभूनं पेत्राला साताच्या सत्तर वेळा क्षमा कर म्हणून सांगितलं होतं. ताई, तू केव्हाच पुढे निघून गेलीस.

तुला आठवत नसेल, पण तुझ्या एकसष्टीला मी आले होते तेव्हा उपासनेनंतरच्या जेवणात मी वाढायला उठले. बार्लीच्या पाण्याची किटली हातात घेतली तर तुमच्या एका बाईनं ती अलगद काढून घेतली आणि म्हणाली, राहू द्या, तुम्ही बसा. पंगतीतल्या चौघी जरा सरकल्या. किटलीतलं पाणी थंड होतं ग. एका आजीनं माझा हात थोपटला आणि म्हणाली की प्रभू मोठमोठे डागसुद्धा धुतो. अशा गावात मी उरलेलं आयुष्य कसं काढू? तूच सांग.

तेव्हा येत्या उपकारस्तुतीला तू माझ्याविषयी काही बोलली नाहीस, तर मी बांधाबांध करते. नाहीतर उल्सान.

तुझा लोभ असू दे, क्षमा आवरती घे.

तुझी,
बुनी


यॉसू,
२५ ऑक्टोबर १९९३

चि. बुनीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, एकदा बसून आणि एकदा गुडघ्यांवर. दोन्ही वेळा वाईट वाटलं.

तू लहानपणापासून अशीच. कुणी प्रेमानं काही दिलं की आधी वास घेऊन बघायचीस. ती साक्ष माझी नाही, बुनी, प्रभूची आहे. मी नुसती पाठ पुरवते. त्या साक्षीनं नऊ माणसं मंडळीत आली. मासळीवाला खू तर ती ऐकून दारू सोडून आला, आणि आता प्रत्येक वाक्याला इतक्या मोठ्यानं आमेन म्हणतो की पाळकांना पुढचं वाक्य आठवत नाही. सांग, त्या नऊ जणांना मी परत पाठवू का?

शिवाय आता उशीर झाला. आमचे पाळक नवे आहेत, पस्तिशीतले, चष्मा सारखा नाकावरून घसरतो. त्यांनी ह्या वर्षी उपकारस्तुतीच्या रविवारचा विषयच जखम आणि आशा असा ठेवलाय. पत्रिका छापून झाली. त्यात मधोमध माझं नाव आहे, ग्वोन्सा मा ओकदान, मानाच्या पदासकट, जाड अक्षरात. मंडळीतल्या सगळ्या बायकांत मी वडील, मी नाही म्हटलं तर त्या पोरानं कुणाकडे बघायचं?

मला एक सुचलंय, रागावू नकोस. तूच त्या रविवारी, नोव्हेंबरच्या २१ तारखेला, इकडे ये. मी बोलत असताना माझ्याशेजारी उभी राहा. शेवटी मी सगळ्यांसमोर तुला मिठी मारीन. एकदा लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलं की संपलं, मग कुणी सरकणार नाही. पियानो वाजवणाऱ्या पोरीशी मी बोलून ठेवलंय, मिठीच्या वेळी ती जरा जोरात वाजवील.

खोलीचं काम झालं. जमिनीला जुन्या पद्धतीचा कागद लावून घेतला, त्याला चार वेळा सोयाबीनचं तेल पाजलं. माझा मुलगा हसला, म्हणाला आजकाल कोण हे करतं; मी म्हटलं तुझ्या मावशीला गुळगुळीत प्लास्टिकवर झोप येत नाही. दोल्सानची मोहरीची पानं आली आहेत, तुझ्या वाटणीची किमची वेगळ्या मडक्यात घातली, तिखट जास्त घालून. हे सगळं मी करते आणि तू मला अटी घालतेस.

पाठ हल्ली थंडीत ओढल्यासारखी वाटते. तो डाग आहे ना, तोच.

ये. आशीर्वाद आहेतच, ते न्यायला तरी ये.

तुझी ताई,
ओकदान


इंचॉन,
१ नोव्हेंबर १९९३

ती. ताईस,
सा. सलाम, वि. वि.

तू लिहिलेलं वाचून मी आधी हसले आणि मग मला मिठीचं चित्र दिसलं, पियानोसकट. नाही ताई. मी येणार नाही. मी तुझ्या साक्षीतली वस्तू नाही.

आता एक गोष्ट सांगते. चार वर्षं पोटात ठेवली होती. तुझ्या एकसष्टीच्या आदल्या दिवशी आपण गावच्या न्हाणीघरात गेलो होतो. तू माझी पाठ घासलीस, मग मी तुझी. चांगली तासभर घासली. ताई, तुझ्या पाठीवर काही नाही. वधस्तंभ नाही, डाग नाही, ओरखडा नाही. उजव्या खांद्याखाली मुगाएवढा एक ठिपका आहे, तोही बहुतेक डास चावल्याचा असावा. बाकी पाठ अशी आहे की मला हेवा वाटला. माझ्या पाठीला सुरकुत्या आहेत.

तेव्हा बोलले नाही, कारण दुसऱ्या दिवशी तुझी एकसष्टी होती. नंतर वाटलं, तो डाग काढून घेतला तर बुधवारच्या सभेत ही बाई बोलणार काय? पण थंडीत डाग ओढतो असं तू लिहिलंस आणि माझा धीर सुटला. तो तुझा संधिवात आहे. डॉक्टरकडे जा.

विश्वास बसत नसेल तर दोन आरसे घे, एक पुढे आणि एक मागे, आणि स्वतः बघ. थोमानंही हात लावून पाहिल्याशिवाय मानलं नव्हतं. आणि थोमा निघालाच आहे तर ऐक: प्रभूनं त्याला जखमा दाखवल्या, तेव्हा खिळे ठोकणाऱ्यांची नावं वाचून दाखवली नाहीत. हे मी आमच्या पाळकांना विचारून लिहितेय.

हे सगळं लिहिताना मला आनंद होतोय. पहाटेच्या प्रार्थनेत त्याबद्दल मी माफी मागितली. आनंद मात्र गेला नाही.

अजून चुलीपाशी त्या दिवशी खरं काय झालं ते मी काढलेलंच नाही. ते तू काढशील म्हणून मी चोपन्न वर्षं वाट बघतेय.

लोभ आहे म्हणून लिहिलं, नाहीतर मी गप्प बसायला पटाईत आहे.

तुझी,
बुनी


यॉसू,
९ नोव्हेंबर १९९३

बुनी,

आशीर्वाद आत्ता देत नाही. पत्राच्या शेवटी बघू.

शनिवारी मी दोन आरसे पिशवीत घालून न्हाणीघरात गेले. एक मुलाचा दाढीचा, एक माझा. तुझी अक्कल बघ, न्हाणीघरात वाफ असते. आरसे पुसते तोवर पाठ वळते, पाठ वळवते तोवर आरसे धुरकटतात. शेवटी थकून इमबाईला विचारलं. इमबाईबरोबर मी तीस वर्षं बायकांच्या प्रार्थनेला बसते. ती म्हणाली, आहे ना, डाव्या खांद्यावर, स्पष्ट दिसतो. तेवढ्यात गाणाऱ्यांतली नोबाई म्हणाली की छे, उजवीकडे. मग दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. पाळकांच्या बायकोला विचारलं तर ती म्हणाली, न्हाणीघरात मी चष्मा काढून ठेवते, मला काहीच दिसत नाही. हे सांगताना तिनं माझ्या पायाशी पडलेला टाचा घासायचा दगड चुकवून आपली बादली बरोबर नळाखाली लावली.

तिथं अंग घासायला एक बाई असते. ती चर्चला येत नाही, कुठंच जात नाही. तिनं माझं अंग पंधरा वर्षं घासलंय. ती सरळ म्हणाली की ह्या पाठीवर कधीच काही नव्हतं, आणि असलंच तर ते मी घासून काढलं असेल. सगळ्या बायका हसल्या. मी गरम पाण्याच्या हौदात जाऊन बसले आणि कितीतरी वेळ बाहेर आले नाही.

म्हणजे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. दर शनिवारी त्या माझी पाठ बघायच्या आणि दर उपकारस्तुतीला माझा डाग ऐकून रुमाल भिजवायच्या. घरी आल्यावर मी इमबाईला फोन करून खडसावलं. ती रडली. म्हणाली, तुम्ही इतकं मनापासून सांगता, आमच्यानं मोडवलं नाही.

बुनी, मी बरी झाले आणि मला कुणी कळवलंही नाही. केव्हा झाले? लग्नाआधी की नंतर? बरं झाल्याबद्दल एकदाही आभार मानले नाहीत मी, सारखं भाजल्याचंच सांगत राहिले. ह्याचं हसू येतं आणि नंतर भीती वाटते. २१ तारखेला ही रिकामी पाठ घेऊन मी काय बोलू? पत्रिका छापलेली आहे.

चुलीपाशी काय झालं ते मला आता नीट आठवत नाही. वय झालं.

बघितलं, आशीर्वाद आहेत. तुझ्यावर रागावून माझा निभाव कसा लागायचा?

ताई


इंचॉन,
१३ नोव्हेंबर १९९३

ती. ताईस,
सा. सलाम, वि. वि.

तुला आठवत नाही, तर मी सांगते. मला सगळं आठवतं.

आंबवायच्या सोयाबीनच्या ढेपी थापायचा दिवस होता. परसातल्या चुलीवर मोठ्या लोखंडी हंड्यात दाणे शिजत होते. आई पेंढ्याच्या दोऱ्या आणायला शेजारी गेली. शिजलेले दाणे चोरून खायचे ही तुझी कल्पना. तू मला बैठ्या पाटावर उभं केलंस, हातात भोपळ्याचा डाव दिलास आणि सांगितलंस, तळातून काढ, वरचे कच्चे असतात. तू खाली वाकून वाडगा धरला होतास. मी डाव भरून वर उचलला. तेवढ्यात आईची पावलं वाजली, आणि तू घाबरून माझा घागरा खाली ओढलास. डाव कलंडला तुझ्या पाठीवर.

आईनं विचारलं तेव्हा तू म्हणालीस, बुनीनं ओतलं. खोटं नव्हतं ते. फक्त तेवढंच सांगितलंस. मग माझ्या पोटऱ्यांवर छडी. आठ दिवसांनी मावशी आली आणि मला सुनचॉनला घेऊन गेली. आई म्हणाली, ताई बरी होईपर्यंत. तू बरी झालीस आणि मी मावशीकडेच राहिले. मावशी चांगली होती. तिला मूल नव्हतं, तिनं मला शिकवलं, शिवण दिलं, लग्न करून दिलं. पण चुसॉकच्या सणाला मी आपल्या घरी पाहुणी म्हणून यायचे, ताई. सगळे माझ्यासाठी चांगली वाटी काढायचे. चांगली वाटी पाहुण्यांना देतात.

मला तुझी क्षमा नको. त्या दिवशी काय झालं ते तू एकदा खरं सांग, जिथं उभं राहून तीस वर्षं दुसरं सांगितलंस तिथंच उभी राहून. नाही सांगितलंस तरी तुझ्याशी बोलणं सोडणार नाही. उल्सानला जाईन, नाताळला पत्र टाकीन, सून भांडी पुसत राहील. पण ज्या माणसांतून मला पाठवलं, त्यांच्यात मी पुन्हा पाहुणी म्हणून येणार नाही.

लोभ कमी झालेला नाही, त्याला जागा हवी आहे.

बुनी


यॉसू,
२२ नोव्हेंबर १९९३

चि. बुनीस,
अ. उ. आ.

काल उपकारस्तुती झाली. वेदीपुढे भोपळे, पर्सिमॉन, नव्या भाताच्या लोंब्या मांडल्या होत्या. माझ्या नावाचा पुकारा झाला. मी उभी राहिले तशा पुढच्या बाकांवरच्या बायकांनी सवयीनं रुमाल काढले. मी म्हटलं, मी दहा वर्षांची होते, हिवाळ्याचे दिवस होते, आणि पियानोवाल्या पोरीनं ठरलेल्या जागी हळू वाजवायला सुरुवात केली. मी तिला म्हटलं, थांब बाळ, आज ती गोष्ट नाही.

मग सांगितलं. दाणे, पाट, डाव, घागरा, सगळं. पाठीवर काही नाही हेही सांगितलं. ते निम्म्यांना माहीत होतंच. मंडळीतले एक म्हातारे गृहस्थ पहिल्यांदाच माझ्या साक्षीत जागे राहिले. शेवटी काय करावं कुणाला कळेना. आमेन म्हणावं असं ते नव्हतं आणि न म्हणावं असंही नव्हतं. मासळीवाल्या खूनं मात्र आमेन दणक्यात म्हटलं, त्याला बिचाऱ्याला सगळंच सारखं. पाळकांनी आपलं प्रवचन दोन पानं कमी केलं, त्याबद्दलही मंडळीनं उपकार मानले असावेत.

जेवायला बसले तर शेजारी कुणी येईना. एक वाडगा सूप संपेपर्यंत मी एकटी होते. तेव्हा कळलं पंगत सरकते म्हणजे काय होतं. मग इमबाई आपलं ताट घेऊन आली. तिच्यामागून नोबाई आली आणि म्हणाली की डाग उजवीकडे आहे हे ती कुणाचं तरी ऐकून सांगत होती. मग एकेक बाई आपलं खोटं घेऊन येऊन बसली. पाळकांची बायको म्हणाली की तिला चष्म्याशिवाय सगळं स्वच्छ दिसतं. आम्ही इतक्या हसलो की पुरुष बघायला आले.

आता तुला जे सांगायचं ते. मला आठवत नाही म्हटलं ते खोटं होतं. मावशी तुला घेऊन गेली त्या सकाळी मी खिडकीपाशी पालथी पडले होते. तू बंधाऱ्यावरून चालली होतीस, दोनदा वळून बघितलंस. मी हाक मारू शकले असते. आईला सांगू शकले असते. भाजली होती पाठ, जीभ शाबूत होती. तुला परत आणायला चार शब्द पुरले असते आणि मी ते बोलले नाही. पुढं मोठी झाले, तेव्हा ते शब्द तोंडावर यायला लागले की मी घाईघाईनं तुला क्षमा करायची. पाठ बरी झालेली मला कळली नाही, कारण दुखत होतं ते पाठीत नव्हतंच.

बुनी, मला क्षमा कर. मला ती मागायची सवय नाही, द्यायचीच आहे, तेव्हा मागताना काही चुकलं असेल तर सांभाळून घे. उत्तराची घाई करू नकोस. खोलीला मी रोज ऊब देते.

तुझ्या लोभाची वाट बघणारी,
ताई


इंचॉन,
२५ नोव्हेंबर १९९३

ती. ताईस,
सा. सलाम, वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा सून घरात होती. तिनं विचारलं, आई, काय झालं, आणि हातातलं भांडं खाली ठेवलं. मी तिला सगळं वाचून दाखवलं. ती पियानोच्या जागी हसली आणि बंधाऱ्याच्या जागी रडली. बरी मुलगी आहे.

आज पहाटे प्रार्थनेला गेले आणि तुला क्षमा करायला बसले. जमलं नाही. मला क्षमा करणं तुला इतकं सोपं का जायचं ते आता मला कळलं. माझा दोषच नव्हता. दोष नसलेल्या माणसाला क्षमा करायला काय लागतं, रोज करावी. मला मात्र तू खराखुरा दोष दिला आहेस, चांगला चोपन्न वर्षांचा. मी आशेनं त्याला हात घातला, तर तो जागचा हलेना. प्रभूला सांगितलं की तूही थोडा हातभार लाव. पाहू.

तेव्हा क्षमा झालेली नाही, हे तुला कळवते. प्रवासात होईल असंही वाटत नाही.

सोमवारी, २९ तारखेला, सकाळच्या बसनं निघतेय. थोरला पोचवायला येतो म्हणाला, मी नको म्हटलं; एकदा मला कुणीतरी पोचवलंय, आता माझी मी येणार. माझ्यासाठी चांगली वाटी काढू नकोस. क्षमा होईपर्यंत थांबायचं म्हटलं तर आपल्या दोघींपैकी एक तरी तोवर मरेल, म्हणून आधी मी येते. ती मागून येईल. ज्या दिवशी येईल त्या दिवशी तुझ्या कानात सांगेन. मंडळीला कळायची गरज नाही.

लोभ सामानात बांधला आहे.

घरी येणारी,
बुनी